आधी परवाना, मग पगार

सकाळी ६

मार्च महिना आहे. चिनी नववर्षाची सुट्टी संपली, वर्षाचा बोनस लोकांच्या खात्यात पडला आणि शांघायमध्ये नोकऱ्या बदलण्याचा हंगाम सुरू झाला. इथले लोक मार्चला सोन्याचा आणि एप्रिलला चांदीचा महिना म्हणतात, कारण वर्षातली मोठी भरती याच दोन महिन्यांत उरकते. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून सध्या मी नोकरीला जाणाऱ्या माणसासारखीच घड्याळ लावून उठते. डबे भरायचं काम नवऱ्याकडे, लेकीच्या वेण्या माझ्याकडे, आणि सातच्या आत जेवणाचं टेबल माझ्यासाठी मोकळं, ही वाटणी घरात ठरून गेली आहे.

माझं मूळ काम भोसरीच्या एमआयडीसीतलं. पॉवर अडॅप्टर बनवणाऱ्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होते. नवऱ्याला शांघायमध्ये नोकरी लागली आणि आम्ही तिघं इथे आलो. माझ्या पासपोर्टवर वास्तव्याचा जो परवाना चिकटवलेला आहे, त्यावर कारण लिहिलं आहे, ‘खासगी’. त्या परवान्यावर मला इथे राहता येतं, घर चालवता येतं, पण पगार घेता येत नाही, एका तासाचासुद्धा नाही. पगार घ्यायचा तर आधी एखाद्या कंपनीने माझ्या नावाने वर्क परमिट काढायला हवं, मग त्या परमिटच्या आधारे वास्तव्याचं कारण बदलून घ्यायला हवं. नवरा इथे रीतसर नोकरीत असल्यामुळे हे सगळं मला देश न सोडता करता येतं, एवढी सवलत आहे. बाकी क्रम तोच, आणि माझ्या दिवसातला प्रत्येक तास याच क्रमाने बांधलेला असतो.

सकाळी ७

चहा, लॅपटॉप, फोन. पुढचा तासभर अर्जांचा.

भारतात असताना नोकरी म्हटलं की लिंक्डइन उघडायची सवय होती. इथे ती उपयोगाची नाही. लिंक्डइनने चीनमधली आपली मुख्य सेवा २०२१ मध्ये गुंडाळली आणि तिच्या जागी आणलेलं ॲपही ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केलं. आता बॉस झिपिन, लिएपिन, झाओपिन ही स्थानिक ॲप्स आणि सगळ्यांच्या खिशात असलेलं वीचॅट, यांवरच कारभार चालतो. बॉस झिपिनवर अर्ज टाकून महिनाभर वाट पाहणं हा प्रकार नाही. तुम्ही दोन ओळींचा निरोप पाठवता, समोरून भरती करणारा माणूस थेट गप्पांत उतरतो. वय किती, चिनी कितपत येतं, परमिट आहे का, कधी रुजू होणार, हे प्रश्न पाच मिनिटांत येऊन पडतात. उत्तर द्यायला दुपार केली, तर तोवर तो माणूस दुसऱ्या कुणाशी बोलायला लागलेला असतो.

म्हणून उत्तरं तयार ठेवावी लागतात. माझा बायोडेटा एका पानाचा आहे, पुढे चिनी, मागे इंग्रजी. चिनी बाजूला फोटो आणि जन्मसाल असतं, कारण इथे ते अपेक्षित असतं. सगळ्यात वर मी आता पदवी लिहीत नाही. वर लिहिते की भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी कशी होते ते मला ठाऊक आहे. त्याखाली एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी, आणि त्याखाली परवान्याची आजची स्थिती, काहीही न लपवता.

ही वरची ओळ मला या शहरानेच शिकवली. २०२० च्या जनगणनेत शांघायची लोकसंख्या २ कोटी ४८ लाखांवर होती, आणि त्यात परदेशी माणसं १ लाख ६३ हजारांच्या आसपास. इथे इंजिनिअरांची वाण नाही. मी जे काम करू शकते ते करणारे हजारो तरुण चिनी विद्यापीठांतून दर वर्षी बाहेर पडतात, त्यांना परमिट लागत नाही आणि भाषा त्यांची स्वतःची आहे. मग कंपनीने माझ्यासाठी कागदांचा एवढा व्याप का करावा? याचं एका वाक्यात उत्तर ज्याच्याकडे आहे, त्यालाच इथे परदेशी म्हणून काम मिळतं. माझं उत्तर असं, की भारतात चार्जर, अडॅप्टर, बॅटरी विकायची तर मालाची चाचणी भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते, भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, कारखान्याची नोंदणी करावी लागते, आणि हे सगळं मी कारखान्याच्या आत उभं राहून केलेलं आहे.

जाहिराती वाचण्याचीही एक पद्धत बसली आहे. ‘कुठलाही पासपोर्ट चालेल’, ‘पदवीची अट नाही’, ‘पैसे रोख’, असं जिथे लिहिलेलं असतं तिथे मी थांबत नाही. जी कंपनी बरी वाटते तिचं नाव थिएनयानचा या ॲपवर तपासते. कंपनी कधी नोंदली गेली, भांडवल किती, किती कामगारांचा विमा भरला जातो, कोर्टात दावे आहेत का, हे तिथे उघड दिसतं. दोनशे माणसांचा कारखाना म्हणवणाऱ्या कंपनीत विमा चारच जणांचा भरला जात असेल, तर तिला निरोप पाठवण्यात अर्थ नसतो.

सकाळी ८

आम्ही राहतो शिनझुआंगला, मेट्रोच्या १ नंबर मार्गाच्या शेवटच्या स्थानकाजवळ. भाडं शहराच्या मध्यापेक्षा कमी, आणि गाडी इथूनच सुटत असल्याने बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलसारखी बसायला जागा मिळते. स्थानकावर बॅग यंत्रातून तपासून घ्यायची, फोनवरचा कोड दाखवून आत शिरायचं, आणि अर्धा-पाऊण तास स्वतःचा. या वेळात मी मुलाखतीची चिनी वाक्यं मनात घोळवते. जनता चौकात, म्हणजे पीपल्स स्क्वेअरला, गाडी बदलून २ नंबरचा मार्ग धरायचा. तो नदीखालून पूर्वेला पुडोंगमध्ये जातो. ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर आहे त्या लुजियाझुईला निम्मा डबा रिकामा होतो. मी पुढे जाते, झांगजियांगला. पुडोंगच्या विकासाची घोषणा १९९० मध्ये झाली आणि हे उच्च तंत्रज्ञान उद्यान १९९२ मध्ये सुरू झालं. आज चिप, औषधं, सॉफ्टवेअर यांच्या कंपन्यांनी ते भरून गेलं आहे.

सकाळी १०

मुलाखत. चार्जर आणि बॅटरीपॅक बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. कारखाना शहराबाहेर आहे, इथे फक्त कचेरी. खाली पासपोर्ट दाखवून वहीत नाव लिहिलं. वर एका मुलीने कागदी पेल्यात गरम पाणी आणून ठेवलं. समोर तिघं बसले होते. भरती विभागाची तरुणी, निर्यात विभागाचे व्यवस्थापक आणि एक वयस्कर इंजिनिअर.

सुरुवातीची दहा मिनिटं नेहमीची. भारतातून आले म्हटल्यावर व्यवस्थापकांनी ‘दंगल’ची आठवण काढली. तो चित्रपट २०१७ मध्ये चीनमध्ये तुफान चालला होता आणि अजूनही ओळख वाढवायला तोच उपयोगी पडतो. मग भरतीच्या मुलीने विचारलं, लग्न झालंय का, मूल आहे का, आणखी होऊ देणार का. बायकांना भरतीच्या वेळी हे विचारू नये, असा आदेश फेब्रुवारी २०१९ मध्ये चीनच्या ९ सरकारी विभागांनी मिळून काढला आहे. तरी हे प्रश्न येतात. मी एवढंच म्हणते, की लेक शाळेत जाते, संध्याकाळी तिला सांभाळायची सोय आहे, आणि कामाच्या वेळा मी पाळीन. मला कामावर बोलायचं असतं.

वयस्कर इंजिनिअरने कामाचं विचारलं. खिशातून एक अडॅप्टर काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हा भारतात चालेल?” मी तो उलटा केला, बुडाशी छापलेला मजकूर वाचला. युरोपचं चिन्ह होतं, चिनी चिन्ह होतं, भारताचा नोंदणी क्रमांक नव्हता. मी सांगितलं, की आयएस १३२५२ प्रमाणे चाचणी आणि कारखान्याची नोंदणी झाल्याशिवाय हा माल भारतीय बंदरातून बाहेर पडणार नाही. नोंदणी कारखान्याच्या पत्त्यावर होते, त्यामुळे हाच अडॅप्टर दुसऱ्या कारखान्यात बनवला तर पुन्हा अर्ज. त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढचा अर्धा तास मुलाखतीसारखा राहिलाच नाही. आम्ही दोघं मालाविषयी बोलत होतो, चिनी अडलं की इंग्रजी, इंग्रजी अडलं की कागदावर आकृती.

शेवटी माझी पाळी. मी दर वेळी एकच प्रश्न आधी विचारते, “तुमच्या कंपनीने याआधी परदेशी माणसाचं वर्क परमिट काढलं आहे का?”

नव्हतं काढलं. भरतीची मुलगी म्हणाली, “तुम्ही महिनाभर काम सुरू करा, जमतंय असं दिसलं की परमिटचं बघू.”

हे वाक्य या शहरात नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाच्या कानावर पडतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ऐकणाऱ्याने तिथेच थांबायला हवं. मी शांतपणे सांगितलं, की परमिटआधी एक दिवसही काम केलं तर ते बेकायदा ठरतं, माझ्यासाठी आणि तुमच्यासाठीही. मग बॅगेतून एक कागद काढून दिला, त्यावर सगळी प्रक्रिया चिनीत लिहिलेली आहे. आधी कंपनीने ऑनलाइन नोंदणी करायची, मग माझ्या नावाचा अर्ज, मग परवाना.

त्या कागदावर माझ्या गुणांचा हिशेबही मांडलेला आहे. एप्रिल २०१७ पासून चीनने देशभर एकच पद्धत आणली, आणि परदेशी कामगारांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे तीन वर्ग केले. गुणांवर मोजलं तर ८५ किंवा जास्त गुणांना ‘अ’ वर्ग, ६० किंवा जास्त गुणांना ‘ब’. बी.ई.सारख्या पदवीला १० गुण, २६ ते ४५ वयाला १५, चिनी भाषेला जास्तीत जास्त ५, शिवाय पगार, अनुभव आणि वर्षातले कामाचे महिने यांचे वेगळे. गुणांच्या वाटेने नको असेल, तर पदवी आणि संबंधित कामाचा २ वर्षांचा अनुभव या अटीवरही ‘ब’ वर्ग मिळतो. माझं दोन्हीकडून बसतं. ज्या कंपनीने आजवर परदेशी माणूस घेतला नाही तिला हे सगळं डोंगराएवढं वाटतं. कागद समोर ठेवला की ते पार पडणारं काम वाटायला लागतं.

व्यवस्थापकांनी कागदाचा फोटो काढला. “साहेबांशी बोलतो,” म्हणाले.

दुपारी १२

बाराच्या ठोक्याला सगळा झांगजियांग जेवायला बाहेर पडतो. दीडपर्यंत कुणालाही फोन करू नये. जेवण आणि टेबलावर डोकं टेकून घेतलेली डुलकी हा इथल्या कचेऱ्यांचा हक्काचा वेळ आहे. मी एका लहानशा हॉटेलात टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात घेतला. केनियाची एक मैत्रीण याच भागात राहते, ती येऊन बसली. आमची ओळख चिनी शिकताना झाली.

तिला एका बालवाडीने इंग्रजी शिकवायला बोलावलं होतं, रोख पैसे, तासावर. तिचं इंग्रजी उत्तम आहे आणि मुलांवर तिची माया आहे. पण भाषाशिक्षकाच्या वर्क परमिटचा नियम असा, की माणसाने तत्त्वतः आपल्या देशाची मातृभाषाच शिकवावी आणि त्याच्याकडे पदवी असावी. केनिया काय, भारत काय, या नियमाने आपलं इंग्रजी मातृभाषा धरलं जात नाही. त्यात जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं आणली आणि या धंद्यातल्या कितीतरी संस्था बंद पडल्या. जे उरलं त्यातलं बरंचसं काम असं आडवाटेने चालतं.

आम्ही दोघींनी फोनवर कायदा उघडून वाचला. १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या प्रवेश-निर्गमन कायद्याचं ८० वं कलम. बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५ हजार ते २० हजार युआन दंड. प्रकार गंभीर असेल तर दंडाच्या जोडीला ५ ते १५ दिवस कोठडी. कामावर ठेवणाऱ्याला माणशी १० हजार, एकूण जास्तीत जास्त १ लाख. आणि माणसाला देशाबाहेर पाठवलं, तर पुढची १ ते ५ वर्षं प्रवेश बंद. बालवाडीला दंड भरून पुढच्या सोमवारी पुन्हा शाळा उघडता येते. तिच्या हातून मात्र चीनमधली सगळी वर्षं जातात.

ती गप्प बसून राहिली. मग म्हणाली, “घरभाडं पुढच्या आठवड्यात आहे.” या वाक्यापुढे माझ्याकडे कलम नव्हतं. तिच्याकडे कापडाच्या व्यापाराचा अनुभव आहे, पूर्व आफ्रिकेतले खरेदीदार तिला ओळखतात. आम्ही तिथेच तिच्या बायोडेटाची पहिली ओळ बदलली. शिक्षिका काढलं, पूर्व आफ्रिकेची बाजारपेठ लिहिली. हे बेकायदा काम भोळेपणाने कुणी घेत नाही, भाडं थकलं म्हणून घेतात. ज्या देशबांधवांची इथे घडी बसली आहे, त्यांनी अशा वेळी एखाद्या महिन्याचा आधार दिला, तर कित्येकांचा हा फेरा वाचेल.

दुपारी २

परतीच्या वाटेवर सायन्स अँड टेक्नॉलॉजी म्युझियम स्थानकावर उतरले. मिनशेंग रोडवर १५०० क्रमांकाला प्रवेश-निर्गमन विभागाचं कार्यालय आहे. शांघायमधल्या परदेशी माणसाला हा पत्ता पाठ असतो. क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बसायचं. शेजारी जपानी कुटुंब, रशियन विद्यार्थी, लोखंडी कड्यांचा व्यापार करणारे एक पाकिस्तानी गृहस्थ. सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या फायली.

माझा प्रश्न साधा होता. वास्तव्याचं कारण बदलताना नवऱ्याचे कोणते कागद जोडायचे? खिडकीतल्या अधिकारी बाईंनी छापील यादी दिली आणि दोन ओळींखाली पेनाने रेघ मारली. विवाह प्रमाणपत्र, तेही प्रमाणित केलेलं. आणि राहत्या पत्त्याची पोलिसांकडची नोंद. हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाने २४ तासांत ही नोंद करायची असते, घर बदललं की पुन्हा. वैद्यकीय तपासणीचंही त्यांनीच सांगितलं. ती हामी रोडच्या केंद्रात करायची, आधी वेळ घेऊन, सकाळी उपाशीपोटी. रक्त, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, सोनोग्राफी.

प्रत्यक्ष जाऊन विचारण्यात अर्धी दुपार जाते खरी. पण एजंट मंडळी याच यादीचे पैसे घेतात, आणि जुनी यादी देतात. नियम सतत बदलत असतात. १ डिसेंबर २०२४ पासून वर्क परमिटचं वेगळं कार्ड देणं बंद झालं आणि ते सामाजिक सुरक्षा कार्डात सामावलं गेलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून विज्ञान-तंत्रज्ञानातल्या तरुणांसाठी ‘के’ नावाचा नवा व्हिसा आला. नियम ज्या दारी बनतो त्या दारी विचारावा.

दुपारी ४

हेहुआन रोडवर शांघाय ग्रंथालयाची पूर्वेकडची इमारत आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये उघडलेली. खिडकीशी जागा मिळाली. सकाळच्या कंपनीसाठी दोन पानांचं टिपण लिहून व्यवस्थापकांना पाठवलं: नोंदणीच्या पायऱ्या, कुठल्या पायरीला कंपनीने काय द्यायचं, कुठे बहुतेकांचा अर्ज अडकतो. कुणी मागितलं नव्हतं. पण मुलाखतीतलं बोलणं विसरलं जातं, कागद साहेबांच्या टेबलापर्यंत जातो.

साडेचारला, म्हणजे पुण्यात दोन वाजता, जिन्यात जाऊन दादाला फोन केला. माझ्या पदवीचं प्रमाणीकरण तो करून घेतो आहे. चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टील करारात सामील झाला आहे, त्यामुळे करारातल्या बहुतेक देशांच्या लोकांचं काम मायदेशातल्या एका शिक्क्यावर होतं. भारत आणि चीन यांच्यात मात्र तो करार लागू नाही. आपल्याला जुनीच वाट. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा, मग चिनी वकिलातीचं प्रमाणीकरण. पदवीचं असं, विवाह प्रमाणपत्राचं असं, पोलिसांच्या चारित्र्य प्रमाणपत्राचंही असंच. शेवटचं सहा महिन्यांहून जुनं चालत नाही, म्हणजे ते लवकर काढूनही उपयोग नाही.

“अगं, राज्याचा शिक्का झाला,” दादा म्हणाला. “दिल्लीला आज कुरिअर केलं. पण अनुभवाच्या दाखल्यावर तारखा नाहीत गं. नुसतं ‘अनेक वर्षं काम केलं’ असं लिहिलंय.”

तो दाखला परत करून घ्यायला हवा. कधी रुजू झाले, कधी सोडलं, पद काय, कंपनीचा शिक्का, सही करणाऱ्याचा फोन नंबर, हे सगळं त्यावर हवं. इथला अधिकारी त्या नंबरवर फोन करू शकतो.

संध्याकाळी साडेसहा

घरी आले. लेक शेजारच्या आजींकडे गृहपाठ करत होती. माझ्या संध्याकाळच्या सोयीचा आधार त्या आजी. त्या सूतगिरणीत होत्या. १९९० च्या दशकात शांघायच्या कापड गिरण्यांनी लाखो कामगार कमी केले, आणि जानेवारी १९९८ मध्ये जुन्या चात्या जाहीरपणे घणाने फोडण्याची सुरुवात याच शहरात झाली. आजींची नोकरी त्याच लाटेत गेली. पुढे त्यांनी दुकानात काम केलं, घरकामं केली, शेवटी एका शाळेच्या स्वयंपाकघरात टिकल्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात काय झालं ते मी माझ्या आजोळी ऐकलं आहे, त्यामुळे आजी बोलतात तेव्हा मला सगळं समजावून घ्यावं लागत नाही.

रोज अर्धा तास त्या मला बोलायला लावतात. आज मुलाखतीत काय सांगितलं ते पुन्हा सांगायला लावलं. माझी वाक्यं लांब असतात, त्यांनी ती तोडली. “आधी काय करता येतं ते सांग,” म्हणाल्या, “कुठून आलीस ते ते विचारतीलच.” परक्या गावात काम मागणाऱ्या माणसाला याहून चांगला सल्ला मी ऐकलेला नाही.

रात्री ९

या वेळी कचेरीतून निरोप येणं इथे नवलाचं नाही. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, ही कामाची रीत बेकायदा असल्याचं चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं, पण फोन काही नऊला झोपत नाहीत.

निर्यात व्यवस्थापकांचा निरोप होता. टिपण साहेबांनी वाचलं. कंपनीची नोंदणी उद्यापासून सुरू करतो. गुरुवारी साहेबांना भेटायला या. आणि पुढे एकच प्रश्न होता, “तुमच्या पदवीचं प्रमाणीकरण हातात कधी येईल?”

मी खरं उत्तर दिलं, की कागद दिल्लीच्या वाटेवर आहे आणि त्यानंतर वकिलातीचा टप्पा बाकी आहे. सोबत विनंती केली, की पद, पगार आणि परमिट कंपनी काढणार हे लिहिलेलं पत्र कंपनीच्या गोल लाल शिक्क्यासह मिळावं. त्या शिक्क्याशिवाय इथे कुठल्याही कागदाला किंमत नाही, सही कितीही मोठ्या माणसाची असो. त्यांचं ‘ठीक आहे’ आलं. ते पत्र हातात पडेपर्यंत उद्या सकाळी सातला मी पुन्हा अर्ज पाठवायला बसणार आहे.

शांघाय, बीजिंग, ग्वांगझो, शेन्झेन, यांपैकी कुठेही कामासाठी किंवा कुणासोबत राहायला निघालेल्या मराठी माणसांना माझं कळकळीचं सांगणं आहे. विमानाचं तिकीट काढण्याआधी पदवी आणि विवाह प्रमाणपत्र यांचं प्रमाणीकरण पूर्ण करून घ्या. अनुभवाचा दाखला तारखा, पद आणि शिक्क्यासह मागून घ्या. चिनी कंपनीला तुमच्याशिवाय कुणाकडून मिळणार नाही अशी एक गोष्ट शोधून ती बायोडेटाच्या पहिल्या ओळीत लिहा. मुलाखतीत परमिटचा प्रश्न पगाराच्या आधी विचारा. आणि परमिट हातात येऊन वास्तव्याचं कारण बदलेपर्यंत, कितीही अडचण असली तरी, एक तासाचंही काम करू नका.